पोटात स्पीकर असलेली गिटार

रविवार, १२ नोव्हेंबर २००६. दुपारी चार.

ही वही माझी एकट्याची. हितेशच्या हाताला लागलीच तर त्याने इथेच थांबावं आणि वही होती तिथे, खाटेखाली ठेवावी. तो थांबणार नाही. दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावायची त्याला लहानपणापासून खोड आहे.

आज भाविकाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं. नारपोलीचं घर. कामतघरहून रिक्षाने दहा मिनिटं, पण आई अशी रडली, जणू पोरगी दुबईला चालली. हळद शुक्रवारी, २७ एप्रिलला, लग्न दुसऱ्या दिवशी. साखर वाटून होते न होते तोच बाबांनी पाहुण्यांसमोर जाहीर केलं, हळदीला आपल्या हितेशची बेंजो पार्टी, ढोलकी-भोंग्यांसकट. 'आपल्या' म्हणे. हितेश माझा चुलतभाऊ आहे, यात माझा काही दोष नाही.

मला कुणी विचारलं नाही. मी उभा राहून सांगितलं, या दारात बेंजो वाजणार नाही. हळदीला मी स्वतः इलेक्ट्रिक गिटार वाजवणार.

सगळे हसले. नारपोलीचे नवे पाहुणेसुद्धा, ज्यांची माझी ओळख होऊन अर्धा तास झाला होता. बाबांनी विचारलं, "तुना कवा आली वाजवाला?" आईने पदर तोंडाला लावला. हितेश हसला नाही. ते जास्त लागलं.

फक्त भाविकाने गंभीरपणे घेतलं. नंतर आत येऊन म्हणाली, "दादा, गोदूबाईच्या धवल्याला साथ करशील? हळू." गोदूबाई आमच्या आळीची धवलारीण. हळद लावताना ती धवले म्हणते, तिच्याशिवाय कुणाला हळद लागत नाही. पण म्हणते काय ते गेल्या वीस वर्षांत कुणी ऐकलेलं नाही, कारण त्याच वेळी बेंजोवाले चार-चार भोंगे लावून सुरू असतात. भाविकाला तिच्या हळदीत धवला ऐकू यायला हवा आहे. एवढंच मागितलं तिने. तिला साडी नको, काही नको.

म्हटलं, झालं समज.

सोमवार, १३ नोव्हेंबर.

वस्तुस्थिती लिहून ठेवतो. मी नऊ वर्षं हितेशच्या बेंजो पार्टीत होतो. खुळखुळा वाजवायचो. ती पार्टी मी सोडली. हितेश सगळीकडे सांगत फिरतो की मला काढलं, कारण माझा खुळखुळा ढोलकीच्या पुढे पळायचा. पुढे पळायचा हे खरं आहे. ढोलकी मागे राहायची.

माझ्याकडे कॉलेजातली मोठी गिटार आहे, लाकडी. वाजत नाही. तिच्या पोटात आई कपड्यांच्या क्लिपा ठेवते. मला कॉर्ड दोन पूर्ण येतात आणि तिसरी बरीचशी. साडेपाच महिने आहेत. लोक तेवढ्यात इंजिनीअर होतात. होत नसतील, पण सुरुवात करतात.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर. लाईट नाही.

गिटार छोटी हवी. कारणं: माझ्या खोलीत भाविकाच्या रुखवताचा फ्रिज, कपाट आणि सहा हंडे येऊन पडलेत, मला उरली आहे ती खाट. दुसरं, मी दापोड्याच्या गोडाऊनला सुपरवायझर, जाता-येता शेअर रिक्षा, शिवाय महिन्यातून दोनदा मालाबरोबर ट्रकने वापीला. प्रवासातही सराव चालू राहिला पाहिजे. खरा कलाकार असाच करतो.

आणि तिसरं कारण फक्त भिवंडीत राहणाऱ्याला कळेल. माझ्या भिंतीला लागून बाबांचा शेड, कापड विणायचे सोळा लूम. शनिवार ते गुरुवार लाईट आणि लूम चालू, खोलीत बोलायचं तर समोरच्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. शुक्रवारी लूम बंद, सगळं शांत, पण सकाळपासून संध्याकाळी सातपर्यंत लाईटच बंद. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारला करंट आहे तेव्हा ती ऐकू येत नाही, आणि ऐकू येईल तेव्हा करंट नाही. हितेशला हे जन्मात सुचलं नसतं. उपाय: बॅटरीवर चालणारी छोटी इलेक्ट्रिक गिटार.

रविवार, २६ नोव्हेंबर.

सायबर कॅफे, तीन तास. मालक दर पंधरा मिनिटांनी मागे येऊन उभा राहतो. त्याला वाटलं मी वाईट काहीतरी बघतोय. स्क्रीनवर गिटार बघून त्याचा चेहरा पडला.

तीन प्रकार सापडले. एक, बिनडोक्याची. वरचं डोकंच नसतं, तारा पिळायच्या खुंट्या खाली बुडाशी. दोन, मान दुमडणारी, घडी घालून बॅगेत जाते. तीन, पोटातच स्पीकर असलेली, चौकोनी बॅटरी टाकली की वाजते. घरी सांगायची चूक केली. बाबा म्हणाले, बिनडोक्याची घे, जोडी जमंल.

घाई करणार नाही. चुकीची गिटार घेऊन अख्खं करिअर वाया गेलेले लोक आहेत.

रविवार, १० डिसेंबर.

मुंबईच्या दुकानात गेलो. एसी, काचेचं दार, आत देवळासारखी शांतता. विक्रेता वीस-बावीसचा, केसांना काहीतरी चोपडलेलं. मी दुमडणारी मागितली. त्याने घडी घातली, उघडली, पुन्हा सूर लावत बसला. पाच मिनिटं. घडीच घालायची तर आमच्या घरी सतरंजी आहे.

मग पोटात स्पीकरवाली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, सर, वाजवून बघा ना. दुकानात चार लोक होते. सगळे आपापलं थांबवून माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, मी दुकानात वाजवत नाही. तो म्हणाला, सर, मग कळणार कसं? मी म्हटलं, हातात घेतल्यावर कळतं. गिटारच्या मानेची पकड बघितली, तारेवर एकदा बोट फिरवलं, लगेच दाबलं. तार हलकी होती. परत दिली.

असे उद्धट लोक दुकानात ठेवतातच कशाला. येताना रिक्षात लक्षात आलं की लांबी विचारायची राहिली.

शुक्रवार, २२ डिसेंबर. लाईट नाही.

हितेशकडे जाऊन बेंजो पार्टी रद्द करून आलो. वाद होईल म्हणून चार मुद्दे पाठ करून गेलो होतो. तो भोंग्यावरची धूळ पुसत होता. म्हणाला, "बरं." एवढंच. माझे चारही मुद्दे तसेच राहिले. रस्त्यात ते एका ओळखीच्या पानवाल्याला सांगितले.

घाबरला आहे. स्पष्ट आहे.

रविवार, १४ जानेवारी २००७.

लांबीचा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवणार. कॅफेतल्या माहितीनुसार छोट्या गिटारी अठ्ठावीस ते चौतीस इंच. चिंधूकाकांना सांगून शेडमधल्या भंगार लाकडाच्या तीन काठ्या कापून घेतल्या: अठ्ठावीस, एकतीस, चौतीस. चिंधूकाका आमचे जॉबर, म्हणजे लूम बिघडला की तो दुरुस्त करणारे. पंचवीस वर्षं शेडमध्ये आहेत, दोन्ही कानांनी निम्मंच ऐकू येतं. कशाला हव्यात विचारलं. मी म्हटलं, गिटार. ते म्हणाले, "हाय का? बरं हाय." आणि कापून दिल्या. घरातल्यांनी हा गुण घ्यावा.

एक-एक आठवडा एक-एक काठी घेऊन प्रवास करणार.

शनिवार, २० जानेवारी.

चौतीस इंच बाद. शेअर रिक्षात तिसऱ्या सीटवर बसलं की बाहेर येते. अंजूर फाट्याजवळ एका सायकलवाल्याच्या टोपीला लागली. त्याने शिव्या दिल्या त्या काठीला नव्हत्या.

गुरुवार, २५ जानेवारी. वापीहून परत.

एकतीस इंच ट्रकच्या केबिनमध्ये नीट मावते. सीटच्या मागे उभी राहते. ड्रायव्हरने दोनदा न विचारता नेली आणि सगळे टायर ठोकून बघितले. त्याच्या मते ही लांबी एकदम बरोबर आहे.

रात्री धाब्यावर खाटेवर बसून काठीवर पेनाने फ्रेट, म्हणजे बोटं ठेवायच्या पट्ट्या, आखले. आता प्रवासात बोटांचा सराव होतो. धवल्याची पहिली ओळ अंदाजाने काठीवर वाजवली. एकही चूक झाली नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी.

गोदूबाईकडे गेलो. धवला म्हणून दाखव म्हटलं. ती वालाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, हलद नाय, मांडव नाय, असा कसा म्हनू? शेवटी भाविकाचं नाव काढल्यावर तोंडातल्या तोंडात म्हटला. फार संथ. मधेच थांबते, श्वास घेते, पुन्हा उचलते. कुठे थांबेल त्याचा काही नेम नाही. ठेका तर नाहीच. मी विचारलं, याचा ठेका कुठला? ती म्हणाली, "ठेका कनाचा? मानसाचा जीव भरून येतं तवा थांबायचं."

अशाने संगीत होत नाही. ठेका मला बसवावा लागणार, दुसरा कोण बसवणार.

रविवार, ११ फेब्रुवारी. आली!

एकतीस इंची, पोटात स्पीकर, काळी. दुकान वेगळं गाठलं, गर्दीचं, जिथे कुणी वाजवून बघा म्हणत नाही. शेअर रिक्षात मांडीवर बसली, शेजारच्या बाईंना स्पर्शही नाही. काठीचा प्रयोग यशस्वी. जगात गिटार अशी मोजून कुणी घेतली नसेल.

हेडफोनचं भोकही आहे. पण भोक जाड आणि माझ्या हेडफोनची पिन बारीक. मधे एक जोडपिन लागते. पुढच्या आठवड्यात आणतो.

बाबांनी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, म्हणाले, "पोटान काय हाय? भाजी?" आई म्हणाली क्लिपा मावणार नाहीत.

बुधवार, १४ फेब्रुवारी. संध्याकाळ.

सराव सुरू. शोध लागला: लूमचा ठेका! खटाक-खट, खटाक-खट, सेकंदाचा फरक नाही. लोक परदेशातून ठेका देणारी यंत्रं मागवतात, माझ्या भिंतीपलीकडे सोळा आहेत. गोदूबाईचा धवला मी लूमच्या ठेक्यावर बसवला. आता त्याला वेग आला आहे. पहिली ओळ नऊ सेकंदांत संपते, गोदूबाईला चाळीस लागतात.

स्पीकरचा आवाज लूमखाली थोडा दबतो. पण बोटांना कळतं. छान वाजत होतं.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी. लाईट नाही.

लूम बंद. गिटार बॅटरीवर चालते, म्हणून सराव करता आला असता. पण आठवड्यातून एक दिवस बोटांना विश्रांती हवी, आणि ठेक्याशिवाय वाजवलं तर हात बिघडतो. शिवाय आळीत सगळे घरी असतात. कार्यक्रमाआधी जाहीर झालं तर मजा जाते.

रविवार, ४ मार्च.

आज फार वर गेलो. डोळे मिटून चार वेळा अख्खा धवला. चिंधूकाका सुटा भाग मागायला शेडमधून खोलीच्या दारात आले आणि उभे राहिले. जाताना म्हणाले, "तुमचा हात बिघडल्या लूमसारका चालतो, कुणालशेठ. धागा तुटला तरी थांबत न्हाय."

पंचवीस वर्षं यंत्रं ओळखणाऱ्या माणसाचं मत आहे हे. लिहून ठेवतो.

शुक्रवार, ९ मार्च. लाईट नाही.

डोकं दुखत होतं. विश्रांती.

रविवार, १ एप्रिल.

भाविका साड्या बघायला गेली होती, येताना माझ्यासाठी जोडपिन आणली. तिने पाच दुकानं पालथी घातली म्हणे. हेडफोन लाव आणि एकदा ऐक दादा, म्हणाली. आत्ता लाव, मी इथे बसते.

मी सांगितलं, आता हळदीनंतर. शेवटच्या महिन्यात नवीन सवय लावत नसतात. ती फ्रिजच्या खोक्यावरून उठली. मग म्हणाली, बरं, पिन हरवू नको. पिन खणात ठेवली आहे. ही मुलगी गेल्यावर या घरात बोलायला कोण राहणार, हा विचार मनात आला आणि राग आला. नारपोलीवाल्यांचा.

शुक्रवार, १३ एप्रिल. लाईट नाही.

खोलीत उकडतं. विश्रांती.

हितेश गल्लीत भेटला. मी मुद्दाम विचारलं, सत्तावीसला काय करणार. तो म्हणाला, "बघू." बघू म्हणे. घरी बसणार, दुसरं काय.

गुरुवार, २६ एप्रिल.

मांडव पडला. आंब्याचे टहाळे लावले. उद्या शुक्रवार. मी आत्ताच विचार केला की हे किती बरोबर जमलं आहे: उद्या लूम बंद, संध्याकाळी सातला लाईट येईल म्हणजे मांडववाल्याचा जनरेटरही बंद करता येईल. पूर्ण शांतता. माझं वाजवणं पहिल्यांदा पूर्ण ऐकू जाईल. सगळ्यांना.

नवी बॅटरी टाकली. लूमच्या ठेक्यावर शेवटचे दहा फेरे झाले. इतकं सुंदर मी कधी वाजवलं नव्हतं.

शुक्रवार, २७ एप्रिल.

(नोंद नाही.)

शनिवार, २८ एप्रिल. लग्न.

वेळ नाही.

रविवार, २९ एप्रिल. दुपारी.

लिहायचं ठरवलं होतं म्हणून लिहितो.

सात वाजून दहा मिनिटांनी लाईट आली. जनरेटर बंद केला. भाविका पाटावर बसली, पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या. दोनशे माणसं. मांडववाल्याने माईक माझ्या गिटारच्या पोटाला लावला. गोदूबाई हळदीची वाटी घेऊन शेजारी बसली आणि तिने पहिली ओळ उचलली. मी सुरू केलं.

पहिल्या दोन सेकंदांत मला वाटलं, माईकमध्ये काहीतरी बिघाड आहे. मग वाटलं, दुसरं कुणीतरी वाजवतंय. इकडेतिकडे बघितलंसुद्धा. शेड बंद होता. लूम नव्हते. मी ते गृहीत धरूनच वाजवत होतो आणि ते नव्हते. मांडववाल्याच्या चार भोंग्यांतून जे येत होतं ते माझं होतं. पत्र्यावर खडे टाकल्यासारखं. माझी ओळ संपली तेव्हा गोदूबाई पहिल्या शब्दावरच होती. मला थांबता येईना. हात चालतच राहिला. चिंधूकाका पुढच्या रांगेत बसले होते. त्यांना निम्मंच ऐकू येतं, तरी त्यांनी मान खाली घातली.

मग गोदूबाईने हळदीचा ओला हात उचलला आणि सरळ माझ्या तारांवर ठेवला. दाबून ठेवला. म्हणाली, "रं पोरा. मना श्वास घेव दे."

दोनशे माणसांत एकही हसला नाही. ते हसले असते तर मी भांडलो असतो.

ती एकटीच म्हणाली. माईक तिच्याकडे गेला. मी गिटार मांडीवर धरून तिथेच बसलो होतो, कारण उठलो असतो तर सगळ्यांच्या पायांवर पाय देऊन जावं लागलं असतं. त्यामुळे मला सगळा धवला ऐकावा लागला. ती थांबायची तिथे मांडवात काही म्हणजे काही वाजत नव्हतं. कामतघरमध्ये एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. आई रडत होती, बाबा खांबाकडे तोंड करून उभे होते. भाविका माझ्याकडे बघत होती. तिच्या गालावर हळद होती आणि ती हसत होती. मला तेव्हा वाटलं, माझ्यावर.

बरोबर साडेआठला गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आला. हितेश आणि त्याची सगळी पार्टी, युनिफॉर्म घालून. भोंगे, ढोलकी, सगळं. मांडव नाचायला लागला, बाबासुद्धा. मी खोलीत जाऊन फ्रिजच्या जागेवर बसलो. फ्रिज नारपोलीला गेला होता.

पार्टी मी रद्द केली होती. टेम्पो कोणी बोलावला ते शोधून काढणार आहे. आणि सोडणार नाही.

गुरुवार, ३ मे.

भाविका पाचपरतावण्याला आली. लग्नानंतरची पहिली फेरी, एक दिवसाची. मी जेवताना टेम्पोचा विषय काढला आणि बाबांवर संशय घेतला. बाबांनी आईवर घेतला. भाविका म्हणाली, मी बोलावला.

कधी, विचारलं. तर म्हणाली, तू रद्द करून आलास ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणजे २३ डिसेंबर. गिटार यायच्या पन्नास दिवस आधी.

मग खोलीत येऊन तिने नीट सांगितलं. धवला ऐकू यायला हवा होता, पण बेंजो नको म्हटलं असतं तर बाबांनी तिचं ऐकलं नसतं. हितेशदादाने पण ऐकलं नसतं. मुलीचं कोण ऐकतं. "तू उभा राहून बोललास ना, तवा मना वाटलं, झालं काम. साडेआठपर्यंत तरी बेंजो थांबंल." हितेशला तिने एवढंच सांगितलं होतं की दादाचं होऊन जाऊ दे, मग या. म्हणून तो "बरं" म्हणाला होता. म्हणून "बघू".

मी विचारलं, म्हणजे मी वाजवेन असं तुला कधी वाटलंच नव्हतं?

ती खोटं बोलू शकली असती. एरवी बोलते. आज नुसतं म्हणाली, "पिन आनून दिली व्हती ना मी."

संध्याकाळी नवरा घ्यायला आला. रिक्षा वळेपर्यंत हात हलवत होती. मी हलवला नाही. मग हलवला, पण तोपर्यंत रिक्षा वळली होती.

शुक्रवार, ४ मे. लाईट नाही.

लूम बंद. घरात कुणी नाही, सगळे नारपोलीला गेलेत. मी डोकं दुखतंय सांगून राहिलो.

खणातून पिन काढली. लावली. बरोबर बसते. तारांवर हळद अजून आहे, पुसली तर जात नाही, बोटं पिवळी होतात. धवल्याची पहिली ओळ वाजवली. ठेका न धरता, गोदूबाई थांबते तिथे थांबून. तीन सूर वाजले. चौथा चुकला. तो मला ऐकू आला.

पुन्हा वाजवलं. पुन्हा तिथेच चुकला. मग हेडफोन काढून पिन परत खणात ठेवली.

दुपारी हितेशचा निरोप आला. परवा दापोड्याला हळद आहे, खुळखुळ्याला माणूस कमी आहे, येतोस का. त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं म्हणून घरापर्यंत गेलो. तो भोंगे पुसत होता. त्याने दोन खुळखुळे काढून समोर ठेवले. माझेच जुने. एकावर माझं नाव अजून आहे.

येतो म्हटलं.

घरी येऊन मोजले. नऊ-नऊ इंच. लाईट लागत नाही, बॅटरी लागत नाही, रिक्षात मांडीवर मावतात.